‘माइलस्टोन ट्रॅकर’ : ‘थोडी वाट पाहू’ म्हणण्याआधी उघडून पाहावे असे ॲप

मुलाच्या बोलण्याविषयी किंवा चालण्याविषयी आई-वडिलांनी शंका व्यक्त केली की ‘होईल हळूहळू, याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते’ हे उत्तर बहुधा घरातूनच मिळते. पुष्कळदा ते खरेही ठरते. मात्र ज्या मुलाच्या बाबतीत ते खरे ठरत नाही, त्याचे वाट पाहण्यात गेलेले महिने उपचारांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. वाट पाहावी की तज्ज्ञांना दाखवावे, हे ठरवायला पालकांना मदत करणारे ‘माइलस्टोन ट्रॅकर’ हे ॲप अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने तयार केले आहे. ते विनामूल्य असून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर चालते.

ॲपची रचना साधी आहे. बाळाची जन्मतारीख भरली की दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या वयोगटांपैकी योग्य त्या वयाच्या विकासाच्या टप्प्यांची, म्हणजे त्या वयात मुलाला काय यायला हवे त्याची, यादी समोर येते आणि प्रत्येक टप्प्यापुढे ‘हो’, ‘खात्री नाही’ किंवा ‘अजून नाही’ यांपैकी एक उत्तर निवडायचे असते. बहुतेक टप्प्यांसोबत छायाचित्र किंवा छोटी चित्रफीत दिलेली असल्यामुळे नेमके काय पाहायचे याबद्दल संदिग्धता राहत नाही. बाळ मुदतीपूर्वी जन्मलेले असेल तर ॲप त्याचे वय त्या हिशेबाने दुरुस्त करून घेते. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाची तुलना पूर्ण दिवसांच्या बाळाशी करून घरभर घबराट पसरवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे आहे.

या ॲपचे खरे वैशिष्ट्य मात्र त्यातील टप्प्यांच्या निवडीमागे आहे. पूर्वीच्या याद्यांमध्ये एखाद्या वयात साधारण निम्मी मुले जे करू शकतात, ते त्या वयाचा टप्पा म्हणून दिलेले असे. परिणामी मूल मागे दिसले तरी ‘निम्मी मुले तशीच असतात’ असे म्हणून थांबायला जागा उरत असे, आणि डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणत. 2022 मध्ये सीडीसीने अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसोबत याद्या सुधारल्या आणि त्या वयातील किमान 75 टक्के मुलांकडून ज्याची अपेक्षा ठेवता येते, तेच टप्पे ठेवले. त्याच वेळी 15 आणि 30 महिन्यांच्या नव्या याद्या जोडल्या गेल्या. आता ‘अजून नाही’ या उत्तराला वजन आले आहे. ते उत्तर म्हणजे आजाराचे निदान नव्हे, कारण चारांतील एखादे निरोगी मूलही तेथे मागे असू शकते. परंतु डॉक्टरांशी बोलण्यासाठी ते पुरेसे कारण आहे.

या बदलावर टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. सुमारे 50 शब्द बोलण्याची अपेक्षा नव्या यादीत 30 महिन्यांना आहे, ती फार उशिराची असल्याचे वाचा-उपचारतज्ज्ञांचे म्हणणे आहे. रांगणे हा टप्पा तर यादीतून वगळलाच गेला. काही मुले न रांगता थेट उभी राहतात हे मान्य केले, तरी मूल शरीराची एकच बाजू वापरते आहे का, हे रांगताना सहज लक्षात येते. पहिल्या वाढदिवसाआधीच बाळ सतत एकच हात पुढे करत असेल, तर यादीत काहीही दिसो, ते बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घालायलाच हवे.

बसणे, चालणे आणि बोलणे याकडे सर्वांचे लक्ष असते. ॲपचा उपयोग त्यापलीकडच्या गोष्टींसाठी अधिक आहे. नऊ महिन्यांचे बाळ नावाने हाक मारल्यावर पाहते का? दीड वर्षाचे मूल एखादी गंमत दाखवण्यासाठी बोट दाखवते का? हवी असलेली वस्तू मागण्यासाठी बोट दाखवणे वेगळे आणि ‘ते बघ’ म्हणून दाखवणे वेगळे, हे एरवी पालकांना सुचणार नाही. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका लवकर येण्यासाठी ही दुसरी खूण महत्त्वाची असते. प्रत्येक यादीच्या शेवटी, मुलाला आधी येत असलेली एखादी गोष्ट आता येईनाशी झाली आहे का, हेही विचारले जाते. माझ्या मते हा सगळ्या यादीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंतही थांबू नये.

ॲप गुण देत नाही आणि निकालही सांगत नाही, हे मला आवडले. भरलेल्या उत्तरांचा सारांश डॉक्टरांना पाठवता येतो. प्रमाणित चाळणी चाचणीची, म्हणजे विकासात अडचण असण्याची शक्यता ठरावीक प्रश्नांतून तपासणाऱ्या चाचणीची, जागा मात्र तो घेऊ शकत नाही. उपरोक्त संघटनेच्या शिफारशीनुसार ही चाचणी 9, 18 आणि 30 महिन्यांना, तर स्वमग्नतेची 18 आणि 24 महिन्यांना व्हावी. सर्व उत्तरे ‘हो’ आली म्हणून ती टाळणे हाच या ॲपचा सर्वांत मोठा गैरवापर ठरेल.

काही विकार तर या यादीच्या कक्षेतच येत नाहीत. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेत बाळ सुरुवातीला बहुधा अगदी ठणठणीत दिसते. त्याचे निदान टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीतून होते आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे लागतात. टप्पे चुकण्याची वाट पाहिली तर बुद्धीची हानी होऊन गेलेली असते. ऐकण्याचेही तसेच. कर्णबधिर बाळही पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरच्यांना संशय येत नाही. म्हणून श्रवणाची चाळणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत असा क्रम तज्ज्ञांनी घालून दिला आहे. बोलण्याला उशीर होत असलेल्या कोणत्याही मुलाची श्रवणचाचणी आधी करून घ्यावी, ‘हाक मारली की बघतो’ असे घरचे कितीही खात्रीने सांगोत.

ॲप इंग्रजी आणि स्पॅनिश भाषांत आहे, त्यामुळे मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या व्यक्तीला यांपैकी एकही भाषा येत नसेल तर प्रश्न तिला वाचून, समजावून सांगावे लागतात. हा त्रास घ्यावा, कारण मुलाला सर्वांत जास्त वेळ तीच पाहत असते. घरात दोन भाषा बोलल्या जात असतील तर दोन्हींतील शब्द एकत्र मोजावेत.

मदत कोठे मिळेल हा विभाग अमेरिकेतील पालकांसाठी लिहिलेला आहे. तेथे तीन वर्षांखालील मुलासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पालक स्वतः सरकारी सेवेकडे मूल्यमापन मागू शकतात. इतरत्र बालरोगतज्ज्ञ हाच पहिला दरवाजा आहे आणि विकासतज्ज्ञांची वेळ मिळायला उशीर लागणार असेल, तर निदानाचे नाव ठरण्याआधीही वाचा-उपचार किंवा फिजिओथेरपी सुरू करता येईल का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे.