मंचरच्या प्लॅजिओक्लेजसाठी सिम्स की लेझर फ्लुओरिनेशन?

परवा टपरीवर चहा पिताना ज्युनियरने विचारलं, ताई, मंचरच्या जीपीबीतल्या मोठ्या प्लॅजिओक्लेजचं ऑक्सिजन करायचंय, सिम्सवर जाऊ का लेझर फ्लुओरिनेशन करू? तिथे नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय. (जीपीबी म्हणजे जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट, प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारचे मोठमोठे स्फटिक असलेला दख्खनचा बेसाल्ट; आणि ऑक्सिजन करणं म्हणजे त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजणं.)

सिम्स (सेकंडरी आयन मास स्पेक्ट्रोमेट्री) म्हणजे एपॉक्सीत बसवून आरशासारखा घासलेला स्फटिक, वर सोन्याचा पातळ थर, आणि त्यावर सिझियम आयनांचा बीम; त्याने उडालेले आयन मोजायचे. ठिपका १०-१५ मायक्रॉनचा, काही मिनिटांत एक आकडा येतो, प्रिसिजन साधारण ०.२ ते ०.३ पर मिल, म्हणजे हजारात ०.२-०.३ (दोन सिग्मा). झिरकॉन या खनिजासाठी याला तोड नाही, कारण कण इवलासा आणि आत कोअर वेगळा, रिम वेगळी, वितळवून टाकलं की सगळी गोष्टच गेली.

पण तुझं झिरकॉन नाहीये ना! प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियम-सोडियम पट्ट्यापट्ट्याने बदलत जातं आणि सिम्सचा आकडा त्या रचनेनुसार सरकतो, त्यालाच मॅट्रिक्स इफेक्ट म्हणतात, म्हणजे एकच स्टँडर्ड (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) घेऊन भागत नाही, प्रत्येक ठिपक्याची रचना इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर मोजायची आणि जुळणारी स्टँडर्ड शोधत बसायचं. दिसतो तो फरक खरा का मशीनचा, ही धाकधूक राहतेच.

फ्लुओरिनेशनमध्ये ही भानगड नाही. ब्रोमीन पेंटाफ्लुओराइडच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड लेझरने खनिज पूर्ण वितळवायचं, सगळा ऑक्सिजन बाहेर काढायचा, शुद्ध करून मास स्पेक्ट्रोमीटरला द्यायचा. क्लेटन आणि मायेडा यांनी १९६३ मध्ये हेच निकेलच्या नळ्यांत रात्रभर तापवून केलं होतं. लेझर आल्यावर १-२ मिलिग्रॅम पुरतं आणि प्रिसिजन ०.१ पर मिल किंवा त्याहून चांगली, शिवाय ऑक्सिजन-१७ पण मिळतो. गोर माउंटन गार्नेट हे स्टँडर्ड (५.८० पर मिल) दर बॅचला लावायचं म्हणजे झोप लागते.

बरं, तोटा काय, तर कणाची सरासरी येते. पण जीपीबीचे स्फटिक सेंटिमीटरभर लांब असतात गं! एकाच स्फटिकाच्या मधला, कडेचा असे तुकडे वेगवेगळे काढता येतात. माझं मत म्हणून फ्लुओरिनेशन.

फक्त तुकडेच काढ, पावडर नको, लेझर पडला की पावडर उडते आणि होल्डरमधल्या शेजारच्या सॅम्पलच्या खड्ड्यात जाऊन बसते. आणि फेल्डस्पार या गॅसशी साध्या तापमानालाही थोडं रिॲक्ट होतं, तेव्हा बाकीचे सॅम्पल रांगेत ताटकळत ठेवू नकोस, एअरलॉक असेल तर एकेकच आत घे.

खरा वेळ बायनॉक्युलरखाली जातो. काचेसारखा दिसणारा तुकडा चिमट्याने उलटला की मागून दुधाळ पांढरा निघतो, तो बाद, कारण नंतर झिरपलेल्या पाण्याने त्याचा ऑक्सिजन बदललेला असू शकतो. मी एका दुपारी चाळीसपैकी सहा ठेवले होते. पावसाळ्यात करत असशील तर निवडलेले तुकडे ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये, टेबलावर बशीत ठेवून चहाला जाऊ नकोस, ओलावा आत गेला की पाण्याचाच ऑक्सिजन मोजत बसशील.