‘तैवान’ म्हणून घेतलेली पपई निम्मी नर निघाली

पपई लावायच्या तयारीत असाल तर रोपांचा ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. माझ्या एक एकराचं वर्ष वाया गेलं, तुमचं जाऊ नये म्हणून लिहितोय.

आम्ही माढा तालुक्यातले. ऊस मोडून पहिल्यांदाच पपई करायची ठरवली. सगळे लावतात ती ‘तैवान ७८६’, म्हणजे रेड लेडी, मलाही तीच हवी होती. रस्त्याकडेच्या एका नर्सरीत गेलो. शेडनेट स्वच्छ, रोपं टवटवीत, ट्रेवर ‘७८६’चा कागद चिकटवलेला. मालक म्हणाला, “पाव्हणं, बिनघोर न्या. खड्ड्याला एकच रोप लावा, एक नर निघायचा नाही.” दुसरीकडं २० रुपये भाव होता, यानं १६ला दिलं. १००० रोपांचे १६ हजार रोख मोजले. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं. त्यावर ‘पपई रोपे, १००० नग’ एवढंच. जातीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. फुलं येईपर्यंत पपईचं रोप नर की मादी हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच कळत नाही, आणि हे लोक नेमके त्याच चार महिन्यांवर जगतात.

फेब्रुवारीत ७ बाय ६ फुटांवर लागण केली. ६० रोपं मेली, ९४० जगली. जूनमध्ये फुलं लागली तेव्हा आप्पा बांधावरनंच म्हणाले, “ह्या माळा कसल्या लोंबायल्यात?” जवळ जाऊन बघितलं तर पानाच्या बेचक्यातून हातभर लांब दांडे खाली सुटलेले आणि त्यांना बारीक पांढरट फुलांचे घोस. एक फूल नखानं उभं चिरलं. आत पिवळे पुंकेसर होते, पण जिथं फळाची गाठ असायला पाहिजे तिथं नुसती सुईसारखी काडी. शेजारच्या झाडाचं फूल खोडालगत, जाड, आणि पाकळ्या सोलल्यावर आत लिंबोळीएवढी हिरवट गाठ. ती मादी.

नर्सरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “ऊन लई झालं, त्यानं झाड नर झालंय. पाऊस पडला की त्यालाच फळ धरंल.” मी पाच आठवडे थांबलो. ठिबकमधून खतं सोडत राहिलो.

हे उत्तर निम्मं खरं असतं, म्हणूनच माणूस फसतो. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात. उभयलिंगी झाड कडक उन्हात फळाची गाठ न धरता नुसती नरासारखी फुलं काढतं आणि हवा निवळली की परत फळावर येतं. पण त्याची फुलं आखूड देठावर, खोडाजवळच असतात. हातभर लोंबणारा दांडा आला तर ते जातिवंत नर झाड आहे, ते उन्हानं झालेलं नाही.

पावसानंतरही काही बदललं नाही, तेव्हा तो म्हणाला, “सगळे नर तोडून टाका, मी तेवढी रोपं बदलून देतो.” मी विश्वास ठेवला. दोन दिवस कोयता चालवला, ४४६ झाडं पाडली. तिसऱ्या दिवसापासून त्यानं फोन उचलणं बंद केलं.

पुढच्या महिन्यात राहिलेल्या मादी झाडांची कोवळी फळं गळायला लागली. कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांना बोलावलं. त्यांनी झाडं मोजली. उरलेल्या ४९४ मध्ये ४७१ मादी, उभयलिंगी फक्त २३. “सगळेच नर का तोडले?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मादीला बाहेरचा पराग लागतो. अशा बागेत दहा मादींमागे एक तरी नर ठेवावा लागतो. मी एकही ठेवला नव्हता.

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं सगळा उलगडा झाला. रेड लेडीच्या अस्सल बियाण्यातून मादी आणि उभयलिंगी झाडं येतात, नर येत नाही. अगदी उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्याच परागावर धरलेल्या फळाचं बी पेरलं, तरी दोन उभयलिंगी आणि एक मादी असं प्रमाण पडतं. नर यायचा तर बियाच्या बापात नर असावाच लागतो. हा हिशेब १९३८ सालीच मांडला गेलाय. माझ्या रानात नर-मादी जवळपास निम्मे निम्मे, म्हणजे कुठल्या तरी गावठी बागेतल्या फळांचं बी काढून, धुवून, वाळवून ‘७८६’च्या नावानं लावलेलं. त्यात मादीचं फळ गोल, आत पोकळी मोठी. व्यापाऱ्याला उभयलिंगी झाडाचं लांबट फळ पाहिजे, गोल मालाला तो भाव पाडून मागतो.

तालुक्याला तक्रार दिली. समिती आली तेव्हा रानात नुसते बुंधे होते. नर्सरीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, “नर कुठं हायत, दाखवा.” माझ्याकडं मोबाइलमधले चार फोटो आणि ते वहीचं पान, बस. मला झाडं तोडायला का लावली, हे तेव्हा कळलं.

म्हणून हात जोडून सांगतो, बियाण्याचं मोकळं पाकीट बघितल्याशिवाय रोपं उचलू नका. पाकिटावरचा लॉट नंबर आणि जातीचं नाव बिलावर लिहून घ्या. फळरोपं विकणाऱ्याला परवाना लागतो, आपल्याकडं त्याचा कायदा १९६९ पासून आहे. तो परवाना मागायला लाजू नका. बियाण्यात फसलेला शेतकरी ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. पण तिथं कागद लागतो, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

आणि बागेत लांब दांडे दिसले तर कुणी काहीही सांगो, पंचनामा होईपर्यंत एकाही झाडाला कोयता लावू नका. पंचनाम्यात नर, मादी, उभयलिंगी असे तीन आकडे वेगळे लिहून घ्या, कारण नर्सरीवाल्याचं बियाणं कुठलं होतं हे त्या आकड्यांवरूनच कळतं.