आवर्तसारणीचा भिंततक्ता: लांबून झकास, जवळून दोन ठिकाणी घोळ

आवर्तसारणीचा कोणताही नवा तक्ता हातात आला की मी आधी उजव्या टोकाची सातवी ओळ बघते. ११३, ११५, ११७ आणि ११८ या घरांत निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन, ओगानेसॉन अशी नावं दिसली तरच पुढचं बघायचं. २०१६ साली ती पक्की झाली, तरी जुनी तात्पुरती नावं छापलेले तक्ते अजून खपवले जातात. हा तिथे पास झाला, म्हणून वर्गासाठी घेतला.

कागद चकचकीत नाही, त्यामुळे ट्यूबलाइटखाली डोळे दिपत नाहीत. अणुअंक (अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांची संख्या) ठळक, शेवटच्या बाकावरूनही वाचता येतो, अणुवस्तुमान बारीक. मला हे पटलं. मोस्लेच्या १९१३च्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनंतर मूलद्रव्याचं घर अणुअंकावरच ठरतं. टेल्युरियम १२७.६०, आयोडीन १२६.९०. वस्तुमान पाहून मांडलं तर आयोडीन आधी येईल आणि ब्रोमीनखालची जागा सोडून थेट सेलेनियमखाली जाऊन बसेल! इथे आकडे दोन दशांशांपर्यंत दिलेत, त्यामुळे हा उलटा क्रम मुलांना स्वतः शोधायला लावता येतो.

रंग खंडांप्रमाणे, म्हणजे शेवटचा इलेक्ट्रॉन कोणत्या उपकवचात जातो त्याप्रमाणे आहेत: एस, पी, डी, एफ असे चारच. दहा रंगांच्या रांगोळीपेक्षा हे फार बरं. पण धातू-अधातूंमधली जिन्यासारखी रेघ यांनी जाडजूड काळी मारली आहे, आणि बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम या सहांना धातुसदृश (धातू आणि अधातूंच्या मधले) ठरवून तिरप्या रेघा दिल्या आहेत. पोलोनियम, ॲस्टॅटिन वगळलेत. वगळायला हरकत नाही, पण धातुसदृशांची सर्वमान्य व्याख्याच नाही, हे सूचीत एका ओळीत सांगायला काय झालं होतं? पहिल्याच तासाला प्रश्न आला, "मॅडम, ॲल्युमिनियम पण रेघेला चिकटलंय, मग ते का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचं ऑक्साइड आम्लाशीही अभिक्रिया करतं आणि अल्कलीशीही. पण चमक, वाहकता, तार काढता येणं, सगळं धातूचं. असलं दोन्हीकडचं वागणं त्या काळ्या रेघेत कुठे मावणार?

पहिला घोळ एफ-खंडात. गण ३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या उभ्या रकान्यात, यिट्रियमखाली लॅन्थॅनम ठेवायचं की ल्युटेशियम, हा वाद जुनाच. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासगटाचा २०२१चा प्राथमिक अहवाल ल्युटेशियमच्या बाजूने होता. तक्तेवाल्यांनी तिथे '५७-७१' आणि '८९-१०३' लिहून अंग काढून घेतलं आणि खालच्या दोन्ही ओळींत पंधरा-पंधरा घरं एफ-खंडाच्या रंगात रंगवली. एफ उपकवचात इलेक्ट्रॉन मावतात १४. हुशार मुलगा इथे अडतोच, आणि समजावण्यात माझा अर्धा तास जातो.

दुसरा घोळ म्हणजे सरळ चूक. तांब्याच्या इलेक्ट्रॉन संरूपणात (कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन ते) ३डी मध्ये ९ आणि ४एस मध्ये २ छापलेत. हवेत १० आणि १. गंमत म्हणजे क्रोमियमचा अपवाद (५ आणि १) बरोबर दिलाय. तांब्यावर मी चिठ्ठी डकवली आहे.

सगळ्यात आवडला तो वरच्या रिकाम्या जागेतला चौकोन. मेंडेलीव्हने १८६९ साली सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती, आणि त्याने घरं रिकामी सोडली. त्याचं भाकीत केलेलं एका-ॲल्युमिनियम (ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या घराला त्याने दिलेलं नाव) आणि १८७५ला सापडलेलं गॅलियम इथे शेजारी-शेजारी छापलंय. खरी मजा मात्र गाळली आहे, ती मी तोंडी सांगते. गॅलियम शोधणाऱ्या लकॉक द ब्वाबोद्रांने घनता दर घन सेंटिमीटरला ४.७ ग्रॅम मोजली होती. मेंडेलीव्हने तो धातू डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, तरी कळवलं की नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली तर ५.९ भरली, त्याच्या अंदाजाला जुळणारी.

अकरावी-बारावीला हा तक्ता जरूर घ्या. आठवी-नववीसाठी नको, संरूपणांच्या गर्दीत पोरं हरवतील. आणि हो, खालच्या कडेला पट्टी नाही. कागद वर वळतो आणि ॲक्टिनाइडांची ओळ झाकली जाते, तेव्हा कोपऱ्यांना पुशपिना आधीच लावा.