ठोकलेली गाडी: मोडीत द्यावी की भाग सुटे करून विकावी?

दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या वर गेला की बहुतेक जण विचारतात, मार किती बसलाय? मी विचारतो, कुठे बसलाय?

समोरून ठोकलेली गाडी बघवत नाही. बॉनेट, रेडिएटर, हेडलाइट सगळं गेलेलं असतं. पण मागचे दरवाजे, डिकीचं झाकण, टेललाइट, सीटा, काचा बहुधा शाबूत असतात. मागून ठोकर बसली असेल तर आणखी बरं: इंजिन, गिअरबॉक्स, अल्टरनेटर, स्टार्टर मोटर, एसी कॉम्प्रेसर, म्हणजे खरा माल वाचलेला असतो. अशा गाड्या सुट्या करण्यात अर्थ आहे. पुरात बुडालेल्या गाडीचं उलटं. वरून ओरखडा नसतो, आत वायरिंगच्या जोडांना गंज लागलेला असतो आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, भरवसा उरत नाही. त्यात कुणी घाईने स्टार्टर मारला असेल तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दरवाजे, काचा, अलॉय व्हील सोडले तर तिथे खोलण्यासारखं फार नाही. ती सरळ मोडीत द्यावी.

मोडीचं सुख म्हणजे एक फोन, आणि गाडी उचलून नेतात. दुखणं असं की वजनावर घेणाऱ्याला चालू गिअरबॉक्स आणि वाकलेला बंपर सारखाच, दोन्ही लोखंडाच्या भावात. एक गोष्ट मात्र तो न बोलता हिशेबात धरतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टच्या नळीतला धूर साफ करणारा डबा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. बॅटरीतल्या शिशालाही भाव आहे. म्हणून एक भाव वजनावर घेणाऱ्याकडून घ्या आणि दुसरा जुने सुटे भाग विकणाऱ्याकडून. मॉडेल रस्त्यावर भरपूर दिसणारं असेल तर दुसरा सहसा जास्त देतो.

स्वतः सुटे भाग विकायचे तर कागदावरची बेरीज भुरळ घालते. अनुभव वेगळा असतो. इंजिन, चाकं, हेडलाइट लवकर जातात. मग एका दरवाजाच्या आतल्या पॅनेलसाठी घासाघीस करणारे फोन महिनोन्‌महिने येत राहतात. इंजिन उतरवायला होइस्ट (वजन उचलायची कप्पी) लागतो, शिवाय मोकळी, छपराखालची जागा हवी. कूलंट गोडसर असतं आणि विषारी. सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं. ब्रेक ऑइल रंग खातं. एसीचा गॅस हवेत सोडायचा नसतो, तो मशीननेच काढून घ्यावा लागतो. न फुटलेल्या एअरबॅगेत आणि ठोकर बसताच सीटबेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरमध्ये स्फोटक भरलेलं असतं; बॅटरी काढल्यावरही काही वेळ धोका राहतो. त्यांना मी तरी हात लावत नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजची, केबल दिसली की पाना खाली ठेवायचा. ईसीयू विकताना किल्ली सोबत द्या, नाहीतर इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखणारं चोरीविरोधी कुलूप, त्याला दुसऱ्या गाडीत चालू देत नाही.

आणि चाकं सगळ्यात शेवटी काढा. चाकाविना उरलेला सांगाडा हलवताना जो घाम फुटतो, त्यात आधीचा नफा जातो.

माझा कल सांगायचा तर, घरात त्याच मॉडेलची दुसरी गाडी असेल किंवा गॅरेजचा हात बसलेला असेल तरच स्वतः खोला. बाकीच्यांनी भाग विकणाऱ्याला अख्खी द्यावी. मधली वाट आहे: नवी बॅटरी, स्टिरिओ, अलॉय काढून त्यांच्या जागी जुनी चाकं चढवायची. पण हे भाव ठरण्याआधी बोलून घ्या. अख्ख्या गाडीचा भाव सांगितल्यावर त्यातून काही गायब झालेलं कुणालाच आवडत नाही.

पाना हातात घेण्यापूर्वी विम्याचे कागदही वाचा. भरपाई घेतल्यावर गाडी विमा कंपनीची झाली असेल तर तिचा एक आरसाही तुमचा नाही. तुमचीच असेल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत चेसिस नंबर असलेला पत्रा कुणाच्या हाती देऊ नका.