बागेत आणि डब्यात चालेल असा चाकू

धड चाकू घ्यायचा, हे दोन वर्षांपूर्वीच्या हुरड्यात ठरलं. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, एका बाजूला थोडी ज्वारी असते आणि जानेवारीत माझ्या बँकेतली मंडळी नागपूरहून हुरडा खायला येतात. त्या वर्षी मी मोठ्या ऐटीत ऑनलाइन एक ‘जंगल चाकू’ मागवला होता. पाठीला करवतीचे दात, मुठीच्या झाकणात कंपास, पोकळ मुठीत काड्या आणि मासे धरायचा गळ. आमच्या विहिरीत बेडूकसुद्धा पाहुणा म्हणून येतो, पण असो. हुरडा भाजायची आर पेटवायला मनगटाएवढं लाकूड फोडायला घेतलं, आणि दुसऱ्याच टोल्याला पातं लाकडात, मूठ माझ्या हातात! सासूबाई पावशीवर, म्हणजे विळीवर, वांगी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाहाय वं त्या कंपासात, पातं कोन्या दिशेनं गेलं तं."

नंतर तुटलेला तुकडा नीट पाहिला. पात्याची शेपटी मुठीत जेमतेम बोटभर गेलेली, बाकी डबा पोकळ. गळ आणि काड्या ठेवायला जागा हवी म्हणून चाकूचा कणाच काढून टाकलेला. तेव्हापासून न मिटणारा चाकू दिसला की मी पहिल्यांदा एवढंच विचारते, शेपटी मुठीत किती खोल गेलीय? विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर पुढे जाते.

दुसरी खरेदी करण्याआधी एक शहाणपण केलं. आठवडाभर डायरीच्या मागच्या पानावर काय काय कापलं ते लिहून ठेवलं. सोमवार ते शुक्रवार: डब्यातली काकडी, पेरू, लिंबू, पार्सलची चिकटपट्टी, एकदा नव्या कुर्त्याचा टॅग. शनिवार-रविवार शेतात: सुतळी ११ वेळा, खताच्या पोत्याची शिवण, ठिबकची १६ मिमीची लॅटरल नळी ४ ठिकाणी, सांभार (म्हणजे कोथिंबीर), वांगी, आणि एक पपई. हरीण सोलायची वेळ आली नाही. अस्वलही आलं नाही. सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ती पपई, आणि ती फिरवून फिरवून कापता येते. म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटरचं पातं पुरे. संत्र्याची सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढायला चाकू लागत नाही, त्याला सिकेटर (छाटणीची कात्री) आणि करवत. ते काम चाकूवर ढकलणारे लोक चाकूही मोडतात आणि झाडाची सालही फाडतात.

मग नागपूरच्या इतवारी बाजारात लोहाओळीत गेले. तिथे विळे, कोयते, सत्तूर, कुऱ्हाडीची पाती, पावश्या असा सगळा संसार दोरीला टांगलेला असतो. दुकानदाराने विचारलं, "ताई, वापरायला पाहिजे की दाखवायला?" इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही वेबसाइटने विचारला नव्हता. त्याने एक लोखंडी पात्याची, लाकडी मुठीची साधी सुरी दिली, शंभराच्या आत. वर सांगितलं की हिला धार लवकर लागते, पण लिंबू-संत्र्याने ही काळी पडेल.

पडलीच. एक संत्रं, दोन लिंबं, आणि दुसऱ्या दिवशी पातं निळसर काळं. आंबट रसातलं आम्ल लोखंडाला लागतं आणि वर थर चढतो. तो थर तसा वाईट नाही, पुढच्या गंजाला थोडा अडवतो. पण नव्या कोऱ्या पात्याने संत्रं कापून खाल्लं तर जिभेवर लोखंड येतं, खिळा चोखल्यासारखं. नागपूरचा चाकू म्हणजे वर्षातले पाच महिने संत्र्याशी गाठ, आंबिया बहाराची संत्री सरली की मृग बहाराची. त्यामुळे रोजच्या पर्समध्ये मला स्टेनलेसच हवं होतं. स्टेनलेसला धार टिकत नाही हे आपल्याकडचं ठाम मत स्वस्त, मऊ स्टीलवरून बनलेलं आहे. चांगल्या चाकूंच्या पात्यात दिसणाऱ्या १२सी२७ या स्वीडिश पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असतं. कार्बनने धार, क्रोमियमने गंजाला आडकाठी.

तीन चाकू हाताळून पाहिले. पहिला शेजारच्या काउंटरवरच्या सरांचा लाल व्हिक्टोरिनॉक्स. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कारखान्याचा, ज्या अधिकारी-चाकूचं पेटंट १८९७चं आहे त्याच घराण्यातला. मिटवल्यावर ९१ मिलिमीटर. पातं छोटं पण नेटकं, स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायची चोच, चिमटा, दातकोरणं. बाटलीचं बूच काढायचा पीळ आपल्याकडे निरुपयोगी वाटतो, पण सुतळीची घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्यासारखं काही नाही, करून पाहा. फक्त सरांकडच्या या साध्या मॉडेलचं पातं कुलूपबंद होत नाही, स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. टोकाने पोत्याला भोक पाडायला गेलात तर ते बोटांवर मिटू शकतं. ऑफिसात बसणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा.

दुसरा आमच्या गोरेवाड्याच्या पक्षीवाल्या ग्रुपमधल्या एकाचा, स्वीडनच्या मोराचा ‘कम्पॅनियन’. न मिटणारा, प्लास्टिकची म्यान, दहा सेंटिमीटरच्या थोडं वर पातं. काठी तासा, बांबू चिरा, चिखलात पडू द्या, धुऊन घ्या. धारेची उतरण रुंद आणि सपाट असल्यामुळे ती दगडावर तशीच टेकवून घासायची, कोन धरायची कटकट नाही. शिकाऊ हातासाठी फार सोयीचं. पण पातं जाड, त्यामुळे गाजर कापताना ते कापलं जात नाही, पाचर मारल्यासारखं फुटतं. शिवाय बँकेत पर्समधून म्यानातली सुरी काढून पेरू कापायचा म्हणजे कॅशियरचा जीव जायचा.

तिसरा घेतला. ओपिनेल, ८ नंबर, स्टेनलेस. फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९०मध्ये जोसेफ ओपिनेल नावाच्या माणसाने शेतकरी-गुराख्यांसाठी केलेला मिटता चाकू. पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच नावाच्या लाकडाची, वजन ५० ग्रॅमच्या आत. पात्यावर मुकुट घातलेल्या हाताचा शिक्का आहे. सासूबाईंनी तो पाहून विचारलं, "निवडनुकीत वाटला का?"

याची सगळी करामत मुठीच्या तोंडाशी असलेल्या चिरलेल्या कड्यात आहे. १९५५पासूनचं ते कडं. पातं उघडायचं, कडं अंगठ्याने फिरवायचं, की चीर बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाला आडवं लोखंड येतं. मग टोकावर कितीही जोर द्या, मिटत नाही. ना स्प्रिंग, ना बटण, बिघडायला जागाच नाही. आणि पातं दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ असल्यामुळे टोमॅटोची चकती अशी उतरते की पलीकडचं दिसावं. ठिबकची नळी एका ओढीत सरळ कापली जाते, हे महत्त्वाचं, कारण तिरकी कापलेली नळी जोडणीवर गळत राहते आणि तुम्ही उन्हात शोधत राहता.

उणंही सांगते. उघडायला दोन हात लागतात. शिडीवर एका हाताने फांदी धरली असेल तर हा खिशात असून नसल्यासारखा. फोडाफोडीला अजिबात नाही, उचकायलाही नाही, टोक नाजूक आहे. आणि मूठ लाकडाची, म्हणजे लाकूड जे करतं ते करणारच. जुलैमध्ये मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत विसरले, लाकूड फुगलं आणि पातं आतच बसलं. चूक माझी. त्यावर उपाय आहे: कडं मोकळं करायचं, मूठ दोन बोटांत सैल धरायची आणि तिचं मागचं बूड ओट्यावर टकटक आपटायचं. तीन-चार टोल्यांत पात्याचं टोक नखभर वर येतं. मे महिन्यात, ४५ अंशांत, तेच लाकूड आकसून मूठ ढिली वाटायला लागते. नागपूरची हवा लाकडाला दोन्ही टोकांना नेते, माणसांना नेते तशीच.

आता धारेबद्दल, कारण खरं सगळं तिथेच आहे. लोहाओळीची सुरी मी आधी सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे दिली होती. ठिणग्या झकास उडाल्या. घरी आणून पाहिलं तर धारेच्या कडेला निळी पट्टी. कोरड्या चाकावर पोलाद इतकं तापलं की त्याचं पाणी उतरलं. चार दिवसांत धार गोल. त्यानंतर दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड घेतला, एक बाजू खरबरीत, एक बारीक. पाणी टाकायचं, पातं दगडावर आडवं ठेवून पाठ जराशी उचलायची, दोन नाणी खाली सरकतील इतकी, आणि दगडाची पातळ चकती काढतोय अशा हाताने ओढायचं. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरा येतो, बोट आडवं फिरवल्यावर अडकतो. तो आला की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढायचं.

मला वाटलं, मी शिकले. मग आमच्याकडे डोळे भरायला, म्हणजे कलमं बांधायला, माणूस आला. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवायचा असतो, त्याच्याकडचा चाकू बोटाएवढा. तो वाकतो, जमिनीपासून वीतभर वर खुंटाच्या सालीला इंग्रजी टीच्या आकाराचा छेद देतो, मुठीच्या मागच्या चपट्या टोकाने साल दोन्हीकडे उचलतो, ओल्या कागदासारखी ती सुटते, आत डोळा सरकवतो, प्लास्टिकची पट्टी गुंडाळतो. एका झाडाला मिनिटही नाही. त्याच्या हातात माझा ओपिनेल दिला. त्याने पातं आपल्या अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवलं, दाबलं नाही, नुसतं टेकवलं. घसरलं. "वहिनी, हे धार नोहे, हे पट्टी व्हय," म्हणाला, आणि आपला चाकू माझ्या नखावर ठेवला. तो जागचा हलला नाही, चिकटल्यासारखा राहिला. फरक कोनाचा नव्हता. मी कंगोरा पुरता उतरायच्या आधीच थांबत होते. आता मी नखावर टेकवल्याशिवाय दगड उचलून ठेवत नाही.

कायद्याचं दोन ओळीत. शस्त्रास्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे, घरकाम-शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. म्हणून साडेआठ सेंटिमीटरचा चाकू त्या नियमांत बसत नाही. तरी रात्री बारा वाजता सीताबर्डीवर कमरेला म्यान लावून पोलिसाला नियम ऐकवायची हौस करू नका. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकावा. आणि पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला सफारीला जाताना घरी ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दाखाली चाकूही येतो, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायला मनाई आहे. जिप्सीत संत्रं हाताने सोलता येतं.

माझी सध्याची व्यवस्था अशी: पर्समध्ये ओपिनेल, बागेतल्या खोलीत खुंटीला लोहाओळीची सुरी, कारण ती दहा हातांत जाते आणि हरवली तर कोणी रडत नाही. तिची निळी कड मी दगडावर घासून घासून काढली, सुरी दोन सूत बारीक झाली, पण आता कापते. दिवसभर शेतात किंवा रानात असणाऱ्याने मात्र मोरा घ्यावा, माझं ऐकून लाकडी मुठीच्या नादी लागू नये.

लाकडी मूठ घेतलीच तर पावसाळ्याआधी तिला जवसाचं तेल चोळा. घाणीवरचं कच्चं तेल चालतं. खोबरेल-शेंगदाणा नको, ते चिकट राहतं किंवा खवट होतं. जवस लाकडात मुरून वाळतो. पातळ हात, पुरता वाळेपर्यंत हवेला, पुन्हा एक हात. आणि ती तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. मे महिन्याच्या नागपुरात हे अजिबात अंगावर घेऊ नये. आमच्याकडे ती चिंधी तारेवर पसरून वाळते, सासूबाईंच्या लुगड्यापासून चार हात लांब. अंतर त्यांनीच मोजून दिलंय.