एकशे दहा चलनं आणि प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं आयटी मी एकटा बघतो. दोन सर्व्हर, त्यांवर सात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले कॉम्प्युटर. पूर्वी बॅकअप रात्री दोनला व्हायचा. एके दिवशी दुपारी चारला रेड (RAID) कार्डानं, म्हणजे सर्व्हरच्या डिस्का एकत्र चालवणाऱ्या कार्डानं मान टाकली. बॅकअप चोख होता, पण रात्री दोनचा! स्टोअरचे काका दारात येऊन म्हणाले, "सकाळपासनं एकशे दहा चलनं मारलीत, ती परत कोण मारणार?" काका आणि मी, दोघांनी कार्बन कॉप्या बघून रात्री साडेअकरापर्यंत मारली.

मग एका विक्रेत्यानं सीडीपी सुचवलं, म्हणजे डिस्कवरचं प्रत्येक लिखाण तिथल्या तिथे दुसरीकडे उतरवणं. वीम या बॅकअप सॉफ्टवेअरनं २०२१ मध्ये आवृत्ती ११ पासून व्हीएमवेअरसाठी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, ते दिलं आहे आणि त्यात बिघाडाच्या अगदी दोन सेकंद आधीपर्यंतचा डेटा परत मिळू शकतो. बँकेला हवंच ते. आमच्या मालकांनी कोटेशन पाहिलं आणि चहा मागवला. शिवाय ब्रॉडकॉम कंपनीनं घेतल्यावर व्हीएमवेअरची कायमची लायसन्स २०२३ च्या डिसेंबरात बंद झाली होती, आम्ही प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे तेच काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर जायच्या तयारीतच होतो. त्यांचाच बॅकअप सर्व्हर एका जुन्या मशीनवर टाकला. सॉफ्टवेअर मुक्त आहे, सबस्क्रिप्शन ऐच्छिक. न घेतल्यास लॉगिनला दर वेळी एक पाटी येते, तेवढी सोसायची.

हे सीडीपी नाही, आधीच सांगतो. पण वेग असा की बॅकअप तासातासाला घेता येतो. व्हर्च्युअल मशीन चालू असताना डिस्कचा कुठला भाग बदलला याच्या खुणा ठेवल्या जातात, त्याला डर्टी बिटमॅप म्हणतात. पुढच्या वेळी तेवढेच चार-चार एमबीचे तुकडे जातात. ईआरपीची, म्हणजे चलनं-स्टोअरच्या सॉफ्टवेअरची ६०० जीबीची डिस्क पहिल्यांदा जवळजवळ तीन तास चालली, आता दोन-तीन मिनिटांत आटपते. मशीन पूर्ण बंद करून चालू केलं तर खुणा जातात आणि अख्खी डिस्क परत वाचावी लागते. म्हणून अपडेटनंतर बंद-चालू करायचं ते मी रविवारी करतो.

पहिल्या आठवड्यात मात्र बॅकअप लागला की टॅली अडखळायची. बॅकअप चालू असताना अजून न पाठवलेल्या जागी मशीननं काही लिहायचं म्हटलं, तर आधी जुना तुकडा बॅकअप सर्व्हरवर पोचावा लागतो, तोवर लिखाण थांबतं. आमच्या बॅकअप मशीनमध्ये जुन्या हार्ड डिस्का, दोष त्यांचा, म्हणजे माझाच. उपाय फ्लीसिंग. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून आहे. जुना तुकडा तात्पुरता जवळच्या एनव्हीएमईवर, म्हणजे वेगवान एसएसडीवर ठेवायचा आणि मशीनला पुढे जाऊ द्यायचं. बॅकअप जॉबच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एक टिक आहे. त्या दिवसापासून अकाउंट्समधून फोन नाही.

अजून एक घोळ. जुने बॅकअप प्रून केले, म्हणजे छाटले, तरी जागा रिकामी होईना. तासभर डोकं खाल्ल्यावर कळलं, प्रून फक्त यादीतून नाव काढतं, तुकडे पुसायचं काम गार्बेज कलेक्शनचं, आणि तेही चोवीस तास पाच मिनिटांत वापरलेल्या तुकड्याला हात लावत नाही. हार्ड डिस्कवर ते चालतंही रेंगाळत. डिस्क गळ्यापर्यंत भरू देऊ नका.

बॅकअप पाठवणाऱ्या युजरला मी पुसायची परवानगी दिलेली नाही, रॅन्समवेअरच्या भीतीनं. बॅकअप कुलूपबंद ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर छापून घेता येते. आमची तिजोरीत आहे, कारण ती हरवली की बॅकअप असून नसल्यासारखा.

गेल्या महिन्यात काकांकडून ईआरपीत चुकीची बॅच डिलीट झाली, पावणेबाराला. अकराचा बॅकअप लाइव्ह रिस्टोअरनं बाजूला वेगळं मशीन म्हणून उठवला. डेटा मागून येत राहिला, पण काही मिनिटांत लॉगिन मिळालं. तिथून बॅच उचलली. अकरानंतरची नऊ चलनं मूळ मशीनवर जशीच्या तशी राहिली.

बॅकअप मशीनसाठी चार एसएसडी मागितलेत. मालक म्हणाले, "बघू."