जुनी सागवानी दारं प्रत्येकी ६०० रुपयांना गेली, वर १,०७,३०० रुपये आम्हीच मोजले

पुण्यात नारायण पेठ, शनिवार, कसबा, या भागात ज्यांची जुनी घरं अजून उभी आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दुरुस्तीच्या नावाखाली घरात शिरणारी माणसं काय काय करतात ते आपण सगळे ऐकून असतो. गळती असो, वॉटरप्रूफिंग असो की वाळवी, पद्धत एकच. आधी घाबरवायचं आणि मग आपणच देवासारखे धावून आलो असं दाखवायचं. हे मलाही माहीत होतं, म्हणून तर जास्त संताप होतो.

आमचं घर १९३८ सालचं, चुन्यातल्या बांधकामाचं. तळमजल्यावर आतली पाच दारं होती, सगळी दोन झडपांची, सागवानी, पितळी कड्याकोयंड्यांची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ही दारं पाण्यात होती. गाळ धुतला, चार दिवस ऊन दाखवलं आणि परत लावली, असं सासरे सांगायचे. तीच दारं मी भंगार म्हणून दिली, असं आता नातेवाइकांत माझं नाव झालं आहे.

दारं बदलायची खुमखुमी नव्हती हो. शहाबादी फरशीवर आम्ही व्हिट्रिफाइड टाइल्स टाकल्या, जमीन दोन इंच वर आली आणि दारं खाली घासायला लागली. पावसाळ्यात तर न्हाणीघराकडचं दार खांदा लावून उघडावं लागे. त्यात माघात मुलाचं लग्न, पत्रिका छापून आलेल्या, आणि विहीणबाई अमेरिकेहून येऊन आमच्याकडेच उतरणार. टिंबर मार्केटात तयार दारं बघायला गेलो तर तिथे ७८, ८१, ८४ इंच उंचीची. आमची चौकट टाइल्स टाकल्यावर जेमतेम ७० इंचांची! तयार फ्लश दाराचे आठ इंच कापले की त्याच्या कडेची लाकडी पट्टी निघून जाते आणि आतला भराव उघडा पडतो. एका दुकानदारानं हे प्रामाणिकपणे सांगितलं. चौकट उंच करायची तर चुन्याची भिंत फोडावी लागणार, आणि जुन्या भिंतीत एक वीट काढली की चार हलतात. लग्नघरात कोण हे करेल?

अशा वेळी ‘जुन्या घरांची दारं मापानुसार, चौकटीला धक्का नाही’ असा मजकूर असलेला नंबर एका ओळखीच्या बाईंनी पाठवला. त्यांच्याकडे त्या दारवाल्यानं काम केलेलं नव्हतं, त्यांनाही तो कुणीतरी पुढे ढकललेलाच मेसेज होता. हे मला नंतर कळलं. नंबर कुणी दिला हे विचारू नका, त्यांच्याकडे काम झालंय का आणि आम्ही येऊन बघू का, हे विचारा.

माणूस चाळिशीचा, बोलायला गोड, पहिल्या वाक्यापासून ‘काकू’. बरोबर एक पोरगा. पोरानं माजघराच्या दाराच्या खालच्या पट्टीवर हातोडीनं टकटक केलं आणि फरशीवर पिवळट भुसा पडला. मैद्यासारखा बारीक. ‘काकू, आतून संपलंय सगळं. दोन महिन्यांत ही वाळवी तुमच्या नव्या सोफ्यात.’ पाचही दारांशी हेच. मी घाबरले. लग्नाचं नवं फर्निचर त्याच आठवड्यात येणार होतं.

आता ज्या सुताराला बोलावलं (तेव्हाच बोलवायला हवा होता, पण तो गावी होता) त्यानं एका वाक्यात निकाल लावला. वाळवी जमिनीतून, भिंतीतून मातीची नळी करत येते, म्हणजे आधी चौकट खाईल, मग दार. चौकटी ठणठणीत आणि दारं तेवढी पोकळ, हे होतच नाही. आणि सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, लागली तर कडेच्या पांढऱ्या भागाला. तो बारीक भुसा पोराच्या मुठीतला असणार, ही युक्ती जुनी आहे, असं तो म्हणाला. वर कहर म्हणजे, ज्या चौकटी त्या दारवाल्यानं ‘बऱ्या आहेत, ठेवा’ म्हणून सोडल्या त्यांनाच भोकं पाडून औषध भरायचे ६,८०० घेतले. ड्रिल त्या लाकडात शिरताना किंचाळत होतं. पोखरलेल्या लाकडात ड्रिल असं किंचाळतं का?

पण मला रात्री झोप लागू देत नाही तो प्रसंग दुसराच आहे. जुनी दारं न्यायला टेम्पो आला तेव्हाचा. ‘जळणाशिवाय काही उपयोगाची नाहीत, तरी घरचं लाकूड आहे म्हणून दाराला ६०० देतो’ म्हणाला, म्हणजे पाचांचे ३,०००. ते बिलातून वळते केले. मग बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून, पितळेवर ओरखडाही न उठवता काढले. कड्या आणि कोयंडे तसेच दारावर राहू दिले. एकेक झडप दोघांनी धरली आणि बोळातून बाहेर नेताना हा मागून ओरडत होता, ‘अरे कोपरा लागेल, कोपरा सांभाळ!’ टेम्पोत ब्लँकेटं अंथरली होती. दोन झडपांमध्येही ब्लँकेट, वरून सुताची दोरी. मुलीकडचं रुखवत चालवावं तशी माझी दारं चालली होती आणि मी हातात चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर उभी. जळणाला कुणी ब्लँकेटं गुंडाळतं का? हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला होता, शपथेवर सांगते, आला होता. तेवढ्यात केटररचा फोन आला.

हिशेब असा. नवी पाच दारं १८,५०० प्रमाणे ९२,५००. औषध ६,८००. फिटिंग आणि कड्या-बिजागऱ्या ११,०००. एकूण १,१०,३००, वजा भंगाराचे ३,०००, म्हणजे १,०७,३००. त्यातले ६०,००० आगाऊ यूपीआयनं, ४०,००० रोख, उरलेले ७,३०० परत यूपीआयनं. पक्कं बिल मागितलं तर ‘१८ टक्के जीएसटी उगाच कशाला भरता’. कागद एकच, वहीच्या पानावर हातानं लिहिलेला, त्यावर दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, सही वाचता येत नाही. तुम्ही म्हणाल एवढं शिकलेल्या बाईनं बिल सोडलं कसं. पेठेतल्या कुठल्या सुतारानं, गवंड्यानं, प्लंबरनं तुम्हाला आजवर पक्कं बिल दिलंय ते आधी सांगा.

माल कोणता? ‘काकू, बल्लारशाचं सागवान. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं तेच.’ तिथे चंद्रपूर भागातलं सागवान गेलं हे खरंच आहे, २०२३ साली मिरवणुकीनं गेलं, पेपरात आलं होतं. खोटं विकताना लोक खऱ्याचाच आधार घेतात. त्यानं हातभर लांबीचा तुकडा आणला होता, तो अस्सल होता. हुंगायला दिला, तेलकट उग्र वास. तुकडा सागाचा आणि दार कशाचं, हे विचारायला सुचू नये अशीच ती व्यवस्था असते. सरकारी लाकूड डेपोचा माल म्हणणाऱ्याकडे डेपोचं बिल आणि वाहतूक परवाना मागा. निदान ज्या वखारीतून घेतला तिथलं बिल. गप्प होतो की नाही बघा.

लग्नात दारांचं कौतुक झालं. विहीणबाईंनी फोटो काढले.

आषाढात न्हाणीघराकडच्या दाराला खाली फुगवटा आला. मग फुगवट्याची कड सुटली आणि पातळ कागदासारखी साल नखानं निघायला लागली. सुतारानं दार उतरवून आडवं ठेवलं आणि खालच्या कडेला पटाशी लावली. वर सागाची व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, दोन्ही बाजूंच्या कडांना सागाची बोटभर पट्टी, आणि आत पांढऱ्या हलक्या लाकडाचे तुकडे, मध्ये मध्ये बोट जाईल अशा फटी. पॅनलची नक्षी वाटत होती ती वरून फेविकॉलनं चिकटवलेली पट्टी. वरच्या आणि खालच्या कडेला सागाची पट्टी नव्हतीच, कारण तिथे कोण बघतं? दार बसवण्याआधी मोबाइल दाराच्या डोक्यावर धरून कडेचा फोटो काढा, सगळं दिसतं. भरीव लाकडाच्या दाराला उभ्या-आडव्या पट्ट्यांचे सांधे कडेला दिसतातच.

आणि जुन्या दारांचं? भवानी पेठेत जुन्या लाकडाच्या एका दुकानात आमच्या मापाच्या जोडीचा भाव विचारला. २२,०००, पितळ धरून. पाच जोड्यांचे होतात १,१०,०००! नुसतं लाकूड मोजलं तरी रुंदी आणि जाडी इंचांत, उंची फुटांत, गुणाकाराला १४४ नं भागायचं, की घनफूट येतात. ३४ गुणिले दीड गुणिले पावणेसहा, म्हणजे दाराला दोन घनफूट. हे गणित मला शाळेतल्या पोराइतकं येतं, फक्त तेव्हा भंगाराचं गणित कुणी करत नाही. घासणाऱ्या दारांचं खरं काम काय होतं ते सुतार सांगून गेला: खालून दोन इंच कापून रंधा मारायचा, दाराला ४०० रुपये.

माणसाचा फोन आधी ‘साइटवर आहे काकू’, मग नुसता वाजायचा, आता बंद.

चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी कागद उलटासुलटा बघून ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हटलं. भुसा टाकून घाबरवणं, खोटा माल देणं, १,१०,००० च्या वस्तू दाराला ६०० नं उचलणं, हा वाद? फसवणुकीचं पूर्वीचं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून ३१८ झालं, एवढी माहिती मात्र मिळाली. कलमाचा आकडा बदलला, खुर्चीवरचं उत्तर तेच. लेखी अर्ज घ्या म्हटलं तर ‘मोठे साहेब बंदोबस्ताला गेलेत’. पोच मागितली तर शिक्का सापडेना. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, तिथली मुलगी बिचारी नम्र, पण कंपनीचं नाव विचारते. कंपनी असती तर मी फोन कशाला केला असता? बँकेनं खातेदाराचं नाव द्यायला नकार दिला, गोपनीयता म्हणे. चोराची गोपनीयता पेन्शनीतल्या बाईपेक्षा मोठी. एका हवालदारानं तर विचारलं, ‘काकू, घरात पुरुष माणूस नव्हतं का?’ होतं. तेच टेम्पोला मागे घे, मागे घे करत होते.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, राहत्या गावात दाखल करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत. बिल न देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित प्रथा धरली आहे, त्यामुळे ‘बिल नाही’ म्हणून कुणी परत पाठवलं तर जागचे हलू नका. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, त्यानं पाठवलेले ‘अस्सल सागवान’ लिहिलेले फोटो, सगळं छापून लावलं आहे. पण नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची तिथे घोडं अडलं आहे. म्हणून आगाऊ देण्याआधी आधार कार्ड नाही तर नाही, निदान टेम्पोच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. माझ्याकडे टेम्पोचा फोटो आहे, त्यात ब्लँकेटं आहेत, नंबर नाही.

दीर व्हर्जिनियात असतात, घर दोघा भावांचं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘वहिनी, मला एकदा विचारायचं नाही का?’ पंधरा वर्षांत घरपट्टीचा त्यांचा निम्मा वाटाही न विचारता भरलाय मी, ते त्यांना कुणी सांगायचं.

कसब्यात याच पद्धतीनं आणखी एका घरी दारं गेल्याचं कानावर आलं आहे. ज्यांच्याकडे भुसा पडला असेल त्यांनी लाजू नका, आपापल्या चौकीत लेखी अर्ज द्या, दोन प्रती न्या, एकीवर तारखेसकट पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. एकटीचा अर्ज असला की तो वाद होतो. एकाच यूपीआय आयडीवर चार घरांचे पैसे गेलेले दिसले तर साहेबांना शिक्का शोधावाच लागेल. आणि तोवर कुणी ‘वाळवी आहे’ म्हणालं तर त्याच्यासमोर आधी चौकट टोचून बघा.